नक्कल आधी पुढाऱ्याची, मग निवेदकाची

टीव्हीवर बातम्यांची टिंगल रुळवली बीबीसीच्या ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ने. नोव्हेंबर १९६२ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम, पुढचं साल निवडणुकीचं म्हणून, डिसेंबर १९६३ मध्येच गुंडाळला गेला. अमेरिकेत १९७५ पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये लुटुपुटीचं बातमीपत्र आलं.

मराठी माणसाला यात नवं होतं ते टेबल आणि कॅमेरा. बाकी काम तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या करतच होता. ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या राजकारणावर ऐनवेळी शेरे मारायचे, तेही एक प्रकारचं बातमीपत्रच.

या खेळात सरकार किती बिथरू शकतं, त्याचा एक धागा आपल्या नाशकातून जातो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. प्रयोग होता ‘शारदा’चा, जरठ-कुमारी विवाहावरचं नाटक, त्यात राजकारणाचा गंधही नाही. पण पुढच्याच महिन्यात बंदी आली ती खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर. त्यात एकाही इंग्रजाचं नाव नव्हतं, तरी कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षक बरोबर ओळखत होते. नाव न घेता टोला हाणायची ही रीत मराठी विनोदाने आजतागायत सोडलेली नाही.

दूरदर्शन सरकारी, तरी जसपाल भट्टींचे ‘उल्टा पुल्टा’ आणि ‘फ्लॉप शो’ (१९८९) तिथेच चालले. त्यांचा नेम बहुतेकदा ऑफिसातले साहेब, ठेकेदार, डॉक्टर यांच्यावर असे. म्हणून तर निभावलं असावं. खासगी वाहिन्या आल्यावर मराठीत अल्फाच्या (आताच्या झी मराठीच्या) ‘घडलंय बिघडलंय’ने राजकीय विडंबनाला हक्काची जागा दिली.

खरा बदल मात्र २००७ चा. त्या वर्षी ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ सुरू झाले आणि दिवसभर बातम्या ओतू लागल्या. विनोदी कार्यक्रमांना आयतं गिऱ्हाईक मिळालं: बातमी देणाराच. ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी, सहा चौकटींतला कल्ला, ‘काय सांगाल?’ हा ठरलेला प्रश्न. आता पुढाऱ्याच्या नकलेपेक्षा निवेदकाची नक्कल सोपी आणि सुरक्षितही. चिडून मोर्चा काढणारे कार्यकर्ते त्याच्यामागे नसतात. आणि कच्चा माल दर पावसाळ्यात गोदाकाठी तयारच असतो. नाशकात पुराची उंची ज्या मूर्तीवरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, हे कॅमेऱ्यात दिसत असताना ओरडून सांगणाऱ्या वार्ताहराचं आणखी विडंबन करायचं तरी काय?