म्हैस उलटते तेव्हा

कर्नाटक सीमाभागातल्या निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या गोठ्यांत एक तक्रार नेहमीची: दोनदा भरवली (कृत्रिम रेतन केलं), तरी म्हैस उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दोष कधी म्हशीला लागतो, कधी डॉक्टरांना. खरं तर गोठवलेल्या वीर्याच्या पाव मिलिलिटरच्या कांडीमागे पशुवैद्यक, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि संप्रेरकांचा अभ्यास असं सगळंच उभं असतं. यातली एक बाजू जरी कच्ची राहिली, तरी बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

कांडीत साधारण 2 कोटी शुक्रजंतू असतात. नुसते गोठवले तर बर्फाच्या स्फटिकांनी त्यांचं पटल फाटतं. ग्लिसरॉल हा मार वाचवतं, हे 1949 साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी दाखवलं. आजही वीर्यात ट्रिस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), अंड्याचा बलक आणि सहा-सात टक्के ग्लिसरॉल घालतात, 4 अंशांवर काही तास मुरू देतात, द्रवनत्राच्या (द्रवरूप नायट्रोजनच्या) वाफेत गोठवतात आणि मग उणे 196 अंशांवर साठवतात.

इतकं सांभाळलेलं वीर्य बिघडतं ते बहुधा गोठ्याच्या दारात. कांडी शोधताना कांड्यांची डबी द्रवनत्राच्या पात्राच्या गळ्याबाहेर उचलली जाते, दहा-पंधरा सेकंद तशीच राहते, पुन्हा आत जाते. एवढ्यात बारीक स्फटिक मोठे होऊ लागतात. पुन्हा बुडवल्याने नुकसान भरून येत नाही. डबी गळ्याच्या आतच ठेवावी, कांडी चिमट्याने पाच-सात सेकंदांत काढावी. मग ती 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, थर्मामीटर लावूनच. खिशात किंवा तळहातावर वितळवलेली कांडी हळू वितळते आणि शुक्रजंतू मरतात. वितळल्यावर ती कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्रजंतूंना घातक. वीर्य सोडायचं ते गर्भाशयमुख ओलांडल्याबरोबर, त्यापुढे नळी रेटायची नाही.

दुसरी अडचण मुक्या, म्हणजे लक्षणं ठळक न दिसणाऱ्या माजाची. म्हैस गाईसारखी दुसऱ्या जनावरावर फारशी उडत नाही. उन्हाळ्यात तर माज रात्रीच येऊन जातो. काळी कातडी आणि कमी घामग्रंथी यांमुळे उष्णतेचा ताण वाढतो, संप्रेरकांचं गणित बिघडतं. दिवस लहान होऊ लागले की माज ठळक दिसतो. म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा, दोन्ही वेळा बघावं: काचेसारखा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), वारंवार थोडं थोडं मूतणं, अचानक घटलेलं दूध. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. स्त्रीबीज माज संपल्यावर काही तासांनी सुटतं आणि फार वेळ टिकत नाही.

म्हणूनच प्रजननशास्त्राचं विद्यापीठीय शिक्षण एका विभागापुरतं राहणं आम्हाला चुकीचं वाटतं. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याने द्रवनत्राची पातळी पट्टीने मोजून नोंदवावी, जीवरसायनाच्या विद्यार्थ्याने गोठ्यात उभं राहून प्रोजेस्टेरॉन या गाभणपण टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या तपासणीसाठी दुधाचा नमुना घ्यावा, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने उलटलेल्या म्हशींची नोंदवही वाचावी. ही नोंदवही सीमाभागात कन्नड आणि मराठी दोन्हींत हवी, नाहीतर म्हैस राखणाऱ्या बाईला माजाची तारीख लिहिताच येणार नाही.

रेतनानंतर 18 ते 24 दिवसांत पुन्हा नजर ठेवावी. माज दिसला नाही, तरी म्हैस गाभण धरून बसू नये. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.