सप्ताहातले रात्रीचे पहारे : वादाची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका गावठाणात भजनी मंडळात दुरावा आला, तो हरिनाम सप्ताहातल्या रात्रीच्या पहाऱ्यांवरून, म्हणजे आठवडाभर अखंड चालणाऱ्या भजनात दोन-दोन तास वीणा घेऊन उभे राहण्याच्या पाळ्यांवरून. वाद पेटला जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनची लाट भरात असताना. मंडळातली नवी मुले त्याला करोनाचा वाद म्हणतात. पण त्यात बाजार आहे, गावठाण आहे आणि कोणता पहारा कोणाचा हा जुना प्रश्नही आहे.

साथीत गर्दी रोखण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा १८९७ चा. आदल्या वर्षी मुंबईत मांडवीला प्लेग उघडकीस आला आणि हा कायदा घाईने झाला. २०२० मध्ये तोच कायदा आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या जोडीने पुन्हा बाहेर निघाला. गावापुरते पाहायचे तर १९७० नंतरचे बदल जास्त महत्त्वाचे आहेत. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, भातशेती गेली, देऊळ गावठाणात राहिले. मुंबईतला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलला आणि साताऱ्या-सांगलीकडचे माथाडी, म्हणजे मालाची चढउतार करणारे कामगार, कोपरखैरणे, घणसोली भागात राहायला आले. त्यांच्यात कित्येक जण घरचेच माळकरी. आगरी-कोळ्यांच्या मंडळात त्यांना जागा मिळाली ती बारा ते दोन आणि दोन ते चार या पहाऱ्यांत. दिवसाचे पहारे आळीप्रमाणे आधीच वाटलेले होते. भाजीच्या गाड्या खाली करायला निघण्याआधी ही माणसे दोन तास वीणा घेऊन उभी राहत. वर्षानुवर्षे सप्ताहातली रात्र त्यांनी सांभाळली, हे गावात कोणी नाकारत नाही.

मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली आणि हरिपाठ फोनवर आला. सुरुवातीला सगळेच एकदम म्हणायचे, पण आवाज मागेपुढे पोहोचायचा आणि टाळाला टाळ लागायचा नाही. मग एकानेच चाल धरायची, बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरात म्हणायचे असे ठरले. त्याच सुमारास बाजारातून रुग्ण वाढले आणि ११ मेपासून आठवडाभर बाजार बंद ठेवावा लागला. गावठाणात भाड्याने राहणाऱ्या माथाड्यांकडे लोक तेव्हापासून अंतर राखून बघू लागले. पुढच्या वादात तो आठवडा सारखा डोके वर काढतो.

१६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळी पाडव्याला, देवळे उघडली. ५ एप्रिल २०२१ ला पुन्हा बंद झाली. त्या वेळच्या आदेशात देवळाच्या सेवेतल्या माणसांना आत नित्यसेवा चालू ठेवायची मुभा होती, बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. मोठ्या संस्थानात सेवेकरी कोण हे कागदावर असते. गावच्या देवळात काकड्याला, म्हणजे पहाटेच्या आरतीला, येणारा प्रत्येक जण स्वतःला सेवेकरीच मानतो. मंडळाने तेव्हा आळीतली मोजकी नावे ठरवली. त्यात माथाड्यांपैकी कोणी नव्हते, आणि त्यावर कोणी बोललेही नाही. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, दारे उघडली आणि विषय तिथेच राहिला.

डिसेंबरात राज्यातला पहिला ओमायक्रॉनचा रुग्ण जवळच, डोंबिवलीत सापडला. १० जानेवारी २०२२ पासून धार्मिक कार्यक्रमाला ५० जणांची मर्यादा आली आणि रात्री ११ ते पहाटे ५ संचारबंदी. मंदिराच्या वर्धापनदिनाचा सप्ताह नेमका पौषात. कीर्तन नऊऐवजी सातला घ्यायचे, काकडा पाचनंतर, पंगतीऐवजी घरोघर शिधा, काल्याचा प्रसाद पुड्यांतून, विणेकऱ्याला नमस्कार लांबूनच. हे सगळे एका बैठकीत ठरले. अडले ते रात्रीवर. सप्ताह अखंड असेल तर वीणा खाली ठेवता येत नाही, आणि पहारा बदलायला रात्री बाहेर पडता येत नाही.

तीन मते पुढे आली. काही म्हाताऱ्यांचे म्हणणे, रात्री वीणा देवाच्या गळ्यात घालावी, सहा तास पांडुरंग पहारा देईल. दुसरे मत, लस घेतलेल्या चार-पाच तरुणांनी रात्री अकराच्या आत देवळात यावे आणि पहाटेपर्यंत तिथेच राहावे. तिसरे माथाड्यांचे. भाजीपाला अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे त्यांना रात्री रस्त्यावर मुभा होतीच. आमचे पहारे आम्हीच देतो, असे ते म्हणाले. यावर उत्तर मिळाले की मुभा कामासाठी आहे, भजनासाठी नाही, आणि बाजारातून आजार देवळात येईल.

मंडळाने दुसरा मार्ग घेतला. रात्रीची ये-जा बंद ठेवणे योग्यच होते. नियमही तेच सांगत होता, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, पाया पडताना माणसे अगदी जवळ येतात. पण देवळात राहिलेली मुले सगळी आळीतलीच होती आणि दिवसा लोकलने कामाला जात होती. ती आजार आणतील का, हे कोणी विचारले नाही. त्यांच्याबरोबर लस घेतलेले दोन माथाडी राहिले असते तर नियम कुठेच मोडत नव्हता. हे बैठकीत सुचायला हवे होते. सुचले नाही, कारण मे २०२० चा तो आठवडा लोकांच्या मनातून गेलेला नव्हता.

सप्ताह अखंड पार पडला. २ एप्रिलला, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि जूनमध्ये पायी वारी पुन्हा निघाली. कीर्तनाची सातची वेळ बायकांना सोयीची पडली म्हणून तशीच राहिली. ज्यांना जिना उतरवत नाही अशा आजीबाईंसाठी ते फोनवर दाखवणेही चालू आहे. पंगत परतली. माथाड्यांपैकी काहींनी मात्र आपल्या सेक्टरमध्ये वेगळा सप्ताह सुरू केला. जे राहिले त्यांना बारा आणि दोनचे पहारे परत देऊ केले गेले, तेव्हा त्यांनी रात्रीबरोबर दिवसाचाही एक पहारा मागितला. दिवसाचा पहारा द्यायचा तर कुठल्या तरी आळीला आपला सोडावा लागेल, आणि आजवर एकही आळी त्याला तयार झालेली नाही.