धर्म, जीवनार्थ आणि नीती

माणसे धर्माकडे का वळतात, या प्रश्नाला दोन उत्तरे हमखास मिळतात : जगण्याला अर्थ हवा म्हणून आणि वागण्याला काही धरबंध हवा म्हणून. या दोन गरजांचा उगम मात्र एक नाही. अर्थाचा प्रश्न बहुधा आजारपण, मृत्यू, अन्याय अशा प्रसंगी डोके वर काढतो. नीतीचा प्रश्न रोजच्या देण्याघेण्यातला आहे. धर्माने या दोहोंची गाठ घातली. ‘हे माझ्याच वाट्याला का?’ आणि ‘मी कसे वागावे?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी मिळतात, ही त्याची खरी ताकद.

बहुसंख्य लोक विचारपूर्वक धर्म निवडत नाहीत, ते त्यात जन्मतात, हेही लक्षात घ्यायला हवे. आधी आचार अंगवळणी पडतो, समर्थन मागाहून येते.

अर्थाची गरज म्हणजे निव्वळ कारणाची गरज नव्हे. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी मध्य आफ्रिकेतील अझांदे लोकांविषयी १९३७ मध्ये नोंदवलेले निरीक्षण येथे उपयोगी पडते. उन्हाच्या वेळी लोक धान्याच्या कोठाराखाली सावलीला बसतात. कधीतरी कोठार कोसळते आणि माणसे जखमी होतात. वाळवीने खांब पोखरले होते, हे अझांद्यांना पक्के ठाऊक असते. त्यांचा प्रश्न त्यापुढचा असतो : नेमकी हीच माणसे खाली बसलेली असताना, नेमके त्याच क्षणी ते का कोसळले? त्यांचे उत्तर चेटूक हे आहे. इतरत्र ते दैव, कर्म किंवा ईश्वरेच्छा असते. उत्तरे बदलतात, प्रश्न तोच राहतो. विज्ञान वाळवीबद्दल सांगते आणि उरलेल्या भागाला योगायोग म्हणते. शोकात असलेल्या माणसाचे तेवढ्याने भागत नाही.

समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. दुःखी माणसाला दुःखाचे कारण हवे असते, तसे सुखी माणसालाही आपण या सुखाला पात्र आहोत अशी ग्वाही हवी असते. धर्म दोघांचीही सोय करतो. म्हणून तो दुबळ्यांचा आधार ठरतो आणि सत्ताधाऱ्यांची ढालही. दुःखाची सर्वांत सुसंगत उपपत्ती देणाऱ्या सिद्धांतांत वेबर यांनी कर्मसिद्धांताची गणना केली होती. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरकेम यांनी १९१२ मध्ये वेगळा मुद्दा मांडला : सामूहिक विधीत माणसाला स्वतःहून मोठ्या शक्तीचा जो अनुभव येतो, तो मुळात समाजाच्याच शक्तीचा असतो. एकटेपणी धर्म सुटतो आणि समूहात टिकतो, हे पुष्कळदा दिसते ते यामुळेच असावे.

नीतीबाबतचा दावा अधिक वादग्रस्त आहे. एखादे कृत्य देवांना प्रिय म्हणून पवित्र, की पवित्र म्हणून देवांना प्रिय, हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात आहे. दुसरा पर्याय स्वीकारला तर नीती देवाच्या आधीची ठरते. पहिला स्वीकारला तर देवाने काहीही फर्मावले तरी ते योग्य मानावे लागते. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी नीतीचा पाया विवेकात शोधला, तरी नीतिमान माणसाला सुख मिळेलच या आशेसाठी त्यांना ईश्वराची गरज भासली. सामान्य लोकांना हा पेच फारसा छळत नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने ३४ देशांत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ‘नीतिमान असण्यासाठी ईश्वरावर श्रद्धा हवीच’ असे मानणाऱ्यांचे मध्यक प्रमाण (निम्मे देश ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात ते) ४५ टक्के आढळले. स्वीडनमध्ये ते ९ टक्के, तर इंडोनेशियात ९६ टक्के होते.

प्रत्यक्ष वागणूक या मतांच्या मागोमाग चालतेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ डार्ली आणि बॅट्सन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी भाषण द्यायला एका इमारतीतून दुसरीकडे निघाले होते. वाटेत दाराशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधील कथा हा होता. तरी फरक पडला तो घाईमुळे : निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली, उशीर झालेल्यांपैकी अवघ्या १० टक्के विद्यार्थ्यांनी. हा प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावरून धर्माला निरुपयोगी ठरवणे उतावळेपणाचे होईल. नियम शिकवणे आणि ऐनवेळी ते आठवणे यांतले अंतर मात्र त्यातून दिसते. नियमित प्रार्थना, उपवास, एकत्र जमणे ही हेच अंतर कमी करण्याची जुनी साधने आहेत.

संकट आणि श्रद्धा यांचा संबंध न्यूझीलंडमध्ये जवळून तपासता आला. फेब्रुवारी २०११ मध्ये क्राइस्टचर्चला विनाशकारी भूकंप झाला, तेव्हा त्याच व्यक्तींचा वेळोवेळी मागोवा घेणारी एक पाहणी आधीपासून सुरू होती. देशात एकूण धर्मश्रद्धेचे प्रमाण घसरत असताना भूकंपाची झळ बसलेल्यांत ते वाढले. पण धर्माकडे वळल्याने त्यांना आपले आरोग्य सुधारल्यासारखे वाटले नाही. झळ बसलेल्यांपैकी ज्यांची श्रद्धा या काळात सुटली, त्यांना मात्र ते खालावल्याचे जाणवले.