पार्श्वभूमी : हाडांवरची नारिंगी डोक्याची माशी

२०१० साली स्पेनमधून दोन शोधनिबंध आले. दोन वेगळे गट, दोन वेगळे प्रदेश, माशी मात्र एकच: थायरिओफोरा सायनोफिला. एका गटाला ती उत्तरेकडच्या ला रिओहात मिळाली, दुसऱ्याला माद्रिदच्या परिसरात, कुजत्या मांसाचं आमिष लावलेल्या सापळ्यांत. त्याआधीची छापील नोंद पॅरिसची, १८५०च्या सुमाराची. मधली १६० वर्षं कोरी. आणि त्या कोऱ्या काळाच्या आधारावर, अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २००७मध्ये, युरोपातून कायमच्या गेलेल्या प्राण्यांच्या यादीत तिचं नाव चढलं होतं. माणसामुळे नामशेष झालेली पहिली माशी असा तिचा उल्लेख व्हायचा. या शिक्क्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण या माशीच्या इतिहासात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तेच आहे.

आधी माशी पाहू. लांबी सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे घरमाशीपेक्षा थोडी मोठी. अंग निळसर काळं, त्यावर भडक नारिंगी डोकं. इतकं नारिंगी की टाचणीला लावलेल्या वाळक्या नमुन्यातही नजर आधी तिथेच जाते. प्रत्येक पंखावर दोन काळे ठिपके. पाठीच्या शेवटी सगळ्याच माश्यांना एक छोटी तिकोनी पाटी असते. या जातीच्या नरात ती मागे वाढत जाऊन चांगली लांबट होते. थायरिओफोरा म्हणजे ‘ढाल वाहणारी’, ते नाव या पाटीवरून. सायनोफिला म्हणजे ‘कुत्र्यांवर प्रेम करणारी’. ते प्रेम मेलेल्या कुत्र्यांवरचं, त्यांच्या मढ्यांवर बसणारी म्हणून.

या माश्यांच्या गटाला इंग्रजीत ‘बोन स्किपर’ म्हणतात आणि या नावाने बराच गोंधळ होतो. वाचणाऱ्याला वाटतं, माशी हाडावरून हाडावर उड्या मारते. उडी खरं तर या घराण्यातल्या अळीची. चीझमध्ये आणि खारवलेल्या मांसात होणारी पायोफिला केसाय ही याच कुळातली. तिची अळी अंगाची कमान करते, तोंडातल्या आकड्यांनी स्वतःचंच शेपटाकडचं टोक पकडते, ताण देते आणि एकदम सोडते. काही मिलिमीटरची अळी त्या झटक्यात वीतभर लांब जाऊन पडते. चीझवाल्या नातेवाइकाची ही ख्याती हाडांवरच्या माश्यांनाही चिकटली, एवढंच. मराठीत या गटाला रुळलेलं नाव नाही. मी ‘हाडमाशी’ म्हणतो. उडीचा घोळ त्यात येत नाही.

नावामागची तारीखही सरळ नाही. २०१०च्या त्या दोन निबंधांपैकी एकाच्या शीर्षकात जातीचं वर्ष, म्हणजे तिचं पहिलं वर्णन छापलं गेल्याचं वर्ष, १७९४ आहे, दुसऱ्याच्या शीर्षकात १७९८. मूळ वर्णन जर्मनीतलं, ऱ्हाइनकाठच्या मानहाइमच्या नमुन्यावरचं. ते ज्या ग्रंथमालेत आलं ती वर्षानुवर्षं छोट्या छोट्या भागांत निघत होती, आणि अशा मालांतल्या कुठल्या भागाचं वर्ष कोणतं यावर नेहमीच वाद होतात. तेव्हा तिला साध्या ‘मुस्का’मध्ये, घरमाशीच्या पंगतीत बसवलं होतं. थायरिओफोरा हे वेगळं प्रजातीनाम १८०३मधलं. पुढे दीर्घकाळ या माश्यांचं स्वतंत्र कुळ मानलं गेलं, आणि १९७७च्या फेरमांडणीत ते कुळ मोडून त्यांना चीझमाशीच्या पायोफिलिडे कुळात घातलं.

एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणात एक विलक्षण गोष्ट आहे. एका फ्रेंच डॉक्टरने, जो माश्यांचा मोठा अभ्यासक होता, लिहून ठेवलं की या माशीचं डोकं अंधारात चमकतं आणि त्या उजेडाच्या मागावर रात्री मढ्यापाशी जाऊन ती पकडता येते. स्पेनमधल्या माश्यांत असा उजेड दिसलेला नाही. कुजत्या मांसावर प्रकाश देणारे जीवाणू वाढतात, हे मात्र खरं. म्हणून त्या डॉक्टरला खोटं ठरवायची घाई मी करणार नाही. रात्री, थंडीत, मेलेल्या जनावरापाशी कंदील विझवून बसलेला माणूस होता तो. त्याच्यानंतर या माशीसाठी इतके कष्ट फार थोड्यांनी घेतले.

आता नामशेष ठरवण्याचा निर्णय. त्यामागचा तर्क वरवर भक्कम होता. माशी दिसायला ठळक, दुसऱ्या कशाशी गल्लत होणं अवघड, आणि युरोपासारख्या खंडात, जिथे गल्लोगल्ली कीटक गोळा करणारे आहेत, तिथे दीडशे वर्षं एकही नमुना नाही. कारणंही पटणारी होती. या माशीला ताजं मांस नको असतं. मोठ्या जनावराचा सांगाडा उघडा पडला, नळीची हाडं फुटली, आतला मगज हवेवर आला की तिची वेळ येते. हाडं फोडणारा प्राणी म्हणजे मुख्यतः लांडगा, आणि जर्मनी-फ्रान्समधून लांडगा हटवला गेला. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावायचे नियम कडक झाले. पॅरिसच्या ईशान्येला मोंफोकोंमध्ये घोडे मारून सोलण्याची जागा होती, गावकुसाबाहेर ढोरं टाकायच्या जागेचं महानगरी रूप. शतकाच्या मध्यापर्यंत ती हलवली गेली आणि १८६७मध्ये तिच्या शेजारी सार्वजनिक बाग उघडली. शिवाय हाडांना भाव आला. साखर शुभ्र करायला हाडांचा कोळसा, सरस, आणि १८४०च्या दशकापासून सुपरफॉस्फेट खत. शेतात, रस्त्याकडेला पडलेलं हाड वेचून विकण्याजोगा माल झालं. ज्या काळात माशीच्या नोंदी थांबतात, नेमका तोच हा काळ.

म्हणजे तुटवडा खरा होता. माझं म्हणणं एवढंच की तुटवडा आणि नाश यांच्यामधलं अंतर त्या यादीने एका उडीत ओलांडलं. ही माशी हिवाळ्यात उडते, तीही मुख्यतः अंधार पडल्यावर. कीटक गोळा करणारे जाळी घेऊन वसंतात आणि उन्हाळ्यात, फुलांच्या माळावर जातात. जानेवारीत डोंगरातल्या मेलेल्या हरणाची हाडं उलथून बघायला कोण जातं? त्या दीडशे वर्षांत माशी नव्हती, का योग्य जागी, योग्य महिन्यात, योग्य वेळी माणूस नव्हता, हा प्रश्न यादी करण्यापूर्वी विचारायला हवा होता. ज्या देशात लांडगा आणि गिधाडं दोन्ही टिकून होती, तिथे तर नक्कीच.

बाजू दुसरीही आहे आणि ती मोडीत काढता येत नाही. स्पेनमध्ये सापडली म्हणून ऱ्हाइनकाठची वस्ती परत आली असं होत नाही. मध्य युरोपात तिची पीछेहाट झाली ती झालीच.

आणि ज्या दशकात ती परत सापडली तेच तिला सगळ्यात प्रतिकूल होतं. गायींच्या ‘मॅड काऊ’ रोगानंतर २००२च्या युरोपीय नियमाने मेलेली गुरं उचलून नष्ट करणं सक्तीचं केलं. स्पेनमध्ये गावोगावी मुलादार म्हणून जागा होत्या. मेलेलं जनावर तिथे नेऊन टाकायचं आणि गिधाडांनी ते साफ करायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था. त्या बंद पडू लागल्या, गिधाडांची उपासमार झाली, ओरड झाली. २००९ आणि २०११च्या नियमांनी ठरावीक भागांत मढी उघड्यावर ठेवायला पुन्हा वाट करून दिली. ही सगळी चर्चा गिधाडांच्या नावाने झाली. गिधाड जेवून उठल्यावर जे उरतं त्यावर कोण जगतं, याचा हिशेब त्यात जवळजवळ नव्हता.

या माशीच्या भावंडांत एक सेंट्रोफ्लेबोमाया अँथ्रोपोफेगा. म्हणजे ‘माणूस खाणारी’. पॅरिसच्या वैद्यकीय शाळेत शिकवण्यासाठी ठेवलेल्या मानवी अवयवांच्या वाळक्या नमुन्यांवर ती सापडली, म्हणून १८३०मध्ये हे नाव. तीही नाहीशी झाल्याचं समजलं जात होतं. १९८३मध्ये एका निबंधात ती पुन्हा सापडल्याचं जाहीर झालं, आणि ठिकाण होतं काश्मीर. त्या निबंधाच्या शीर्षकात ‘नामशेष’ हा शब्द अवतरणचिन्हांत होता. २००७ची यादी होण्याच्या चोवीस वर्षं आधी.