पश्चिमेकडचा लांबलेला दिवस

जुलै १५२२. तीन वर्षांपूर्वी दर्यावर्दी मॅगेलनबरोबर पाच जहाजं निघाली होती. त्यांतलं व्हिक्टोरिया हे एकच जहाज पृथ्वीला वळसा घालून केप व्हर्ड बेटांपाशी पोचलं होतं. खायला काही मिळतं का ते बघायला होडी किनाऱ्यावर गेली, तेव्हा जाणाऱ्यांना बजावून सांगितलं होतं, आज वार कोणता तेही विचारून या. उत्तर आलं, गुरुवार. जहाजावर बुधवार चालू होता. रोजनिशी लिहिणारा अंतोनियो पिगाफेत्ता चक्रावून गेला. सबंध प्रवासात तो आजारी पडला नव्हता, एका दिवसाचीही नोंद चुकली नव्हती. चूक खरं तर कुणाचीच नव्हती. जहाज पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य जातो त्याच दिशेनं चाललं होतं. त्यामुळे रोजचा दिवस सरासरी दीड मिनिटाहूनही कमी, पण लांबत होता, आणि ती मिनिटं साठत साठत एक अख्खा दिवस गिळून बसली होती.

विमानानं झपाट्यानं पूर्वेला किंवा पश्चिमेला गेलं की शरीराचं घड्याळ आणि तिथलं घड्याळ यांचा मेळ बसत नाही, तो जेट लॅग. त्याच्या इतिहासात मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. तब्बल २४ तासांचा फरक पडला आणि त्यापायी कुणाची झोप बिघडली नाही. दिवस लांबणं शरीराला पेलतं, प्रश्न फक्त तो किती झपाट्यानं लांबतो हा आहे. पश्चिमेकडे चार-पाच तासांचा विमानप्रवास करून उतरल्यावर काय करावं, याचं उत्तर यातच दडलेलं आहे. ते नीट हाती यायला पावणेपाचशे वर्षं लागली, आणि आलं तेव्हाही प्रवाशांपर्यंत धड पोचलं नाही.

मधल्या काळात आगबोटी आल्या. युरोपातून न्यूयॉर्कला जायला मोठ्या बोटींना पाच-सहा दिवस लागत आणि दोन टोकांच्या घड्याळांत साधारण पाच तासांचा फरक असे. म्हणून पश्चिमेकडे जाताना बोटीवरची घड्याळं रोज रात्री तासाच्या आतबाहेर मागे करत. प्रवाशांच्या वाट्याला रोज जवळपास २५ तासांचा दिवस यायचा, म्हणजे झोपायला तासभर जास्तच. जेट लॅगची मात्रा अशी रोज थोडी थोडी पोटात जात असल्यामुळे या त्रासाला नाव द्यायची कुणाला गरजच भासली नाही.

गरज भासली ती वेगामुळे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विषुववृत्तावर याचा अर्थ ताशी सुमारे १६७० किलोमीटर, पण ६० अंश अक्षांशावर तो वेग निम्म्यावर येतो आणि जेट विमानही साधारण त्याच वेगानं उडतं. उत्तरेकडच्या आकाशात पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या खिडकीतून सूर्य तासन् तास एकाच जागी टांगल्यासारखा दिसतो तो यामुळेच. अमेरिकी वैमानिक वायली पोस्टनं १९३१ मध्ये हॅरॉल्ड गॅटीबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केली ती मात्र पूर्वेकडून, ८ दिवस १५ तास ५१ मिनिटांत. वेळेच्या या ओढाताणीचा विचार त्यानं आधीच केला होता आणि झोपेची ठरलेली सवय मोडण्याचा सराव करूनच तो निघाला होता.

पहिली जेट प्रवासी सेवा २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला सुरू झाली. हा मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण, त्यामुळे जेट आलं तरी जेट लॅग आला नाही. तो आला ऑक्टोबर १९५८ मध्ये. ४ तारखेला ब्रिटिश कॉमेट-४ आणि २६ तारखेला पॅन ॲमचं बोइंग ७०७ अटलांटिक ओलांडू लागलं, आणि बोटीनं पाच-सहा रात्रींत वाटून दिलेले पाच तास एका दुपारीच अंगावर येऊ लागले. ‘जेट लॅग’ हा शब्द छापून आल्याची जुनी आणि ठळक नोंद १३ फेब्रुवारी १९६६ च्या ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मधली आहे. होरेस सटन या प्रवासलेखकानं या अवस्थेची तुलना दारू उतरताना होणाऱ्या त्रासाशी केली होती.

त्याच सुमारास अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्यासाठी हॉटी आणि ॲडम्स हे संशोधक माणसांना विमानानं दूरवर नेऊन तपासत होते. पूर्व-पश्चिम प्रवासात शरीराच्या तापमानाची रोजची लय नव्या वेळेशी जुळायला दिवसच्या दिवस लागत. मग त्यांनी मुद्दाम उत्तर-दक्षिण प्रवास तपासला, चिलीतल्या सँटियागोपर्यंतचा. तास तेवढेच, खुर्ची तीच. माणसं थकली, पण लय जागची हलली नाही.

हा फरक मध्यम पल्ल्याच्या प्रवाशानं कायम ध्यानात ठेवावा असा आहे. प्रवासाचा शीण वेगळा, जेट लॅग वेगळा. विमानातल्या हवेची आर्द्रता बहुतेकदा २० टक्क्यांच्याही खाली असते, दाब अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढा असतो, पाय अवघडतात, पहाटेच्या विमानासाठी रात्र मोडलेली असते. या सगळ्याचा शीण एका रात्रीच्या नीट झोपेनं, जेवणानं आणि पाण्यानं उतरतो. तीन ते सहा तासांच्या प्रवासानंतर ‘मला जेट लॅग झालाय’ असं आपण म्हणतो, त्यात पुष्कळदा निम्माअधिक हाच शीण असतो. झोपेच्या विकारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही निदान दोन कालपट्टे (घड्याळात साधारण तासातासाचा फरक असलेले प्रदेश) ओलांडले असतील तरच जेट लॅगचं नाव घेतं.

उरलेल्या निम्म्याचं मूळ जमिनीखाली सापडलं.

१९३८ च्या उन्हाळ्यात शिकागोचे निद्रासंशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. आत मिट्ट काळोख, तापमान बाराही महिने १२ अंशांच्या आसपास. उंदीर वर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत उभे केलेले. तिथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळला : ९ तास झोप, १० तास काम, ९ तास मोकळे. आठवड्यात असे सहाच दिवस बसतात. रिचर्डसन वयानं बराच लहान होता. त्याच्या शरीराचं तापमान आठवडाभरात नव्या दिवसाबरोबर चढू-उतरू लागलं. क्लाइटमन चाळिशी ओलांडलेले. त्यांचं शरीर शेवटपर्यंत २४ तासांनाच धरून राहिलं. नव्या वेळापत्रकानं झोपायला सांगितलं तेव्हा त्यांना टक्क जाग असायची आणि कामाच्या वेळी पेंग यायची.

हा २८ तासांचा आकडा उगाच नाही सांगितला. सकाळी १० ला निघा, पाच तास उडा, चार तास मागे असलेल्या गावी उतरा. घड्याळात ११ वाजलेले असतात आणि तुमचा तो दिवस बरोबर २८ तासांचा झालेला असतो. क्लाइटमन यांनी महिनाभर जो दिवस रेटला, तो तुम्हाला एकदाच काढायचा असतो.

पुढे १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या गुहेत घड्याळाविना दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट होता. मनाची गणती २५ दिवस मागे पडली होती. पण झोपताना आणि उठल्यावर तो वर फोनवरून कळवत असे, त्या नोंदी जुळवल्या तर त्याचा दिवस साधारण साडेचोवीस तासांचा निघाला. मन वाट चुकलं, शरीर फारसं चुकलं नाही. जर्मनीत म्युनिकजवळच्या आंडेक्स गावी युर्गेन आशॉफ आणि र्‍यूटगर वेव्हर यांनी याच प्रश्नासाठी जमिनीखाली खोल्याच बांधल्या होत्या. तिथे खिडकी नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही अशा अवस्थेत स्वेच्छेनं आलेली माणसं आठवडेच्या आठवडे राहत. त्यांचा दिवस सरासरी २५ तासांच्या आसपास भरला. आगबोटीवरचा तोच २५ तासांचा दिवस. माणसाचं आतलं घड्याळ मुळातच मागे पडणारं आहे, म्हणून त्याला पश्चिम सोपी, हे तेव्हापासून पुस्तकांत बसलं.

आकडा चुकीचा होता, आणि ती चूक फार कामाची ठरली. आंडेक्सच्या खोल्यांत दिवा लावायचा, मालवायचा तो राहणाऱ्यानं आपल्या मर्जीनं. जाग आहे तोवर दिवा चालू. म्हणजे शरीराची झोपेची वेळ उलटून गेली तरी डोळ्यांवर उजेड येतच राहायचा आणि तो उजेडच आतल्या घड्याळाला रोज मागे ढकलत होता. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं अगदी मंद उजेडात प्रयोग केला, आणि त्यांनी योजलेल्या वेळापत्रकांत क्लाइटमन यांचा तो २८ तासांचा दिवस होताच. आलेला आकडा होता २४ तास ११ मिनिटं. माणसाचा कल पश्चिमेकडे आहे खरा, पण अकरा मिनिटांचाच. बाकीचं काम संध्याकाळच्या उजेडाचं होतं.

ते काम कसं चालतं, याचे दुवे तोवर एकेक करून जुळले होते. रोजच्या या लयीला ‘सर्केडियन’ हे नाव फ्रान्झ हालबर्ग यांनी १९५९ मध्ये दिलं. १९७२ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी मेंदूतलं घड्याळ नेमकं कुठे आहे ते दाखवलं : दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, हजारो पेशींचा पुंजका. १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवलं, की रात्री २५०० लक्सचा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रखर उजेड दिला तर माणसातलं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, दबतं. घरातल्या नेहमीच्या दिव्याचा उजेड याच्या कितीतरी कमी असतो, म्हणून तोवर माणसावर उजेडाचा असा परिणाम होत नाही असाच समज होता. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी दृष्टिपटलातल्या अशा पेशी दाखवल्या, ज्या स्वतः उजेड टिपून थेट त्या घड्याळाला कळवतात.

उजेडाचा परिणाम वेळेवर ठरतो. नेहमीच्या जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. त्याआधी उजेड मिळाला तर घड्याळ मागे जातं, त्यानंतर मिळाला तर पुढे येतं. पश्चिमेला गेलेल्या माणसाला ते मागे न्यायचं असतं.

आणि इथेच माझी तक्रार आहे. जेट लॅगवरचे उपाय ज्या काळात घडले तेव्हा सगळ्यांचं लक्ष लांबच्या, पूर्वेकडच्या प्रवासावर होतं, कारण त्रास तिथे जास्त. आशॉफ यांच्या १९७५ च्या मांडणीत पश्चिमेकडे गेल्यावर शरीर दिवसाला सरासरी ९२ मिनिटं जुळवून घेतं, पूर्वेकडे ५७. जोसेफिन अॅरेंट यांची मेलाटोनिनची पहिली गाजलेली चाचणी १९८६ ची, १७ जणांवर, सॅन फ्रान्सिस्कोहून लंडनला परतताना, म्हणजे आठ कालपट्टे पूर्वेला. तिथून ‘गोळी घ्या’ आणि ‘सकाळी उठून उजेडात जा’ हे दोन सल्ले जगभर पसरले. कोणत्या दिशेला जाणाऱ्यासाठी, हा तपशील वाटेत गळून पडला. चार तास पश्चिमेला जाणाऱ्याला ते जसेच्या तसे देणं मला गैर वाटतं.

सकाळी १० ला निघून चार तास मागे असलेल्या गावी उतरलेला वरचाच प्रवासी घ्या. एरवी रात्री ११ ला झोपून ७ ला उठणारा. नव्या गावी संध्याकाळचे ६ वाजलेत, त्याच्या अंगात रात्रीचे १० वाजलेत. डोळे जड झालेत. पलंगावर जरा टेकावं म्हटलं तर ती डुलकी राहत नाही, शरीराच्या लेखी रात्रच सुरू झालेली असते. या वेळी बाहेर उजेड असेल तर त्यानं बाहेर असावं, अंधार पडला असेल तर दिवे लख्ख ठेवून ओळखीच्या माणसांशी बोलत बसावं. आंडेक्सच्या खोल्यांतला दिवा तो हाच. रात्री १० पर्यंत तग धरला की पहिल्या दिवसाचं मोठं काम झालं. डुलकी घ्यायचीच असेल तर दुपारी लवकर, वीसेक मिनिटं, गजर लावून.

मग ३ वाजता डोळे उघडतात. अंगात सकाळचे ७ वाजलेत, त्यामुळे झोप पूर्ण झाल्यासारखं वाटतं. बहुतेक जण हात लांबवून फोन घेतात, दिवा लावतात, आलीच आहे जाग तर कामं उरकू म्हणतात. तापमानाचा तळ मध्यरात्रीच्या सुमारास मागे पडलेला असतो, म्हणून आता डोळ्यांत जाणारा उजेड घड्याळ पुढे ओढतो, आपल्याला हवं त्याच्या नेमकं उलट. पडदे ओढलेले राहू द्यावेत, दिवा न लावता पडून राहावं. झोप लागली नाही तरी अंधार आपलं काम करतो. झोपताना घेतलेल्या मेलाटोनिनला इथे करण्यासारखं फारसं काही नसतं, कारण संध्याकाळी ते घड्याळ पुढे आणण्याच्या कामाचं.

९२ मिनिटांचा हिशेब धरला तर चार तास तीन दिवसांच्या आत फिटतात. निघण्याआधी दोन रात्री तास-तासभर उशिरा झोपून सकाळीही तितकंच उशिरा उठलं, तर निम्मं अंतर घरातच कापलं जातं. आगबोटीवरची घड्याळं रात्री मागे करत, तसंच हे. मुक्काम दोनच दिवसांचा असेल तर मात्र मी घड्याळाला हात लावणार नाही. महत्त्वाच्या भेटी सकाळी ठेवाव्यात, रात्री लवकर झोपावं, पहाटे लवकर उठावं आणि आपल्याच वेळेवर राहून परत यावं. परतीचा प्रवास पूर्वेचा असतो. शरीर चार तास मागे नेऊन ठेवलं असेल, तर ते दिवसाला ५७ मिनिटांनी परत आणावं लागतं.