हार्ड डिस्कला लावलेला फोन

१९९१ सालची गोष्ट. हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी घरच्या पीसीवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा. कॉम्प्युटरचे आकडे फोनच्या तारेतून जाणाऱ्या आवाजात बदलणारा डबा म्हणजे मोडेम. त्याला नंबर फिरवायला सांगायचं, पलीकडून उत्तर आलं की काम सुरू. एकदा त्याचा हात चुकला. मोडेमच्या जागी त्यानं हार्ड डिस्कचं नाव दिलं आणि नंबर फिरवायचा हुकूम थेट डिस्कवर लिहिला गेला. डिस्कवर मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती, ती बिघडली. ती पुन्हा घालत बसण्यापेक्षा आपण लिहायला घेतलेलीच पुरी करावी, असं त्यानं ठरवलं. तीच लिनक्स.

हार्ड डिस्कला फोन लागावा तरी कसा? युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या घराण्यात (मिनिक्स आणि लिनक्स त्यातल्याच) प्रत्येक उपकरण फाइलसारखं दिसतं. मोडेम ही फाइल, डिस्कही फाइल. तुम्ही अक्षरं लिहायची, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. मोडेमला लागत होती ती फक्त साधी इंग्रजी अक्षरं. ती कोणी पाठवली, डॉसनं, मॅकनं की मिनिक्सनं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कुठला मोडेम कुठल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालेल, या नेहमीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

ही अक्षरांची बोली १९८१ची. अमेरिकेतल्या हेज कंपनीनं त्या वर्षी स्मार्टमोडेम काढला. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरं. आपण वाचतो साधारण त्याच गतीनं मजकूर पडद्यावर उमटायचा. त्याआधी बहुतेक ठिकाणी फोनचा नंबर माणूस फिरवायचा आणि रिसीव्हर रबरी कपांत बसवायचा. हेजच्या मोडेमला मात्र अक्षरांतच सांगता यायचं: एटी म्हणजे अटेन्शन, लक्ष दे. डी म्हणजे डायल. पुढे टी लावलात तर टोन, पी लावलात तर जुन्या एक्स्चेंजसाठी पल्स. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर १७२२२२ हा नंबर ज्यांनी तासन्‌तास लावला, त्यांच्या मोडेमला आतून जाणारा हुकूम हाच असायचा: एटीडीटी १७२२२२. पडद्यावरच्या खिडकीत चित्र काहीही दिसो.

ती दोन अक्षरंही उगाच निवडलेली नाहीत. समोरचा कॉम्प्युटर किती वेगानं बोलतोय हे मोडेमला आधी ठाऊक नसतं. दोघांमधल्या सिरियल, म्हणजे एकामागून एक बिट नेणाऱ्या, तारेवर प्रत्येक अक्षराआधी एक शून्य जातो आणि अक्षराचे बिट शेवटाकडून सुरू होतात. ए या अक्षराचा शेवटचा बिट १ आहे. म्हणजे शून्य, लगेच एक. त्या शून्याची लांबी मोजली की एका बिटाला लागणारा वेळ कळला. मग ए मध्ये दोन एक आणि टी मध्ये तीन; एकात सम, दुसऱ्यात विषम, त्यावरून तपासणीच्या जादा बिटाची पद्धतही समजते. ‘लक्ष दे’ म्हणता म्हणता मोडेम समोरच्याची चाल ओळखून घ्यायचा. मला हे आजही फार देखणं वाटतं.

पंचाईत एकच होती. हुकूम आणि मजकूर दोन्ही एकाच तारेवरून जाणार. फोन जोडलेला असताना ‘फोन ठेव’ असं सांगितलं तर तो हुकूम की पलीकडे पाठवायचा मजकूर? हेजचा तोडगा असा: सेकंदभर गप्प राहा, मग तीन अधिक चिन्हं पाठवा, पुन्हा सेकंदभर गप्प. मजकुराच्या ओघात असा विराम सहसा पडत नाही. या विरामावर कंपनीनं पेटंट घेतलं. पेटंटचे पैसे टाळायला काही उत्पादकांनी विराम गाळून नुसती तीन चिन्हं ठेवली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याची किंमत गिऱ्हाइकांनी मोजली. कोणी खोडसाळ तुमच्या कॉम्प्युटरला ‘+++एटीएच०’ (एच० म्हणजे फोन ठेव) असा मजकूर घातलेला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारा छोटा संदेश, पाठवायचा. पिंगचा नियमच असा की आलेला मजकूर जसाच्या तसा परत धाडायचा. तुमचा कॉम्प्युटर इमानदारीनं तो परत पाठवायला निघाला की वाटेतला तुमचाच मोडेम त्याला हुकूम समजून फोन ठेवून द्यायचा!

तर सांगायचं हे, की त्या काळी मोडेम सगळीकडे चालायचा, कारण अवघड काम त्याच्या पोटात होतं. फोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज जातो. त्यात आकडे बसवायचे, पलीकडचा प्रतिध्वनी वजा करायचा, चुका पकडायच्या, हे सारं मोडेममधल्या चिपा करत. जोडणीच्या वेळची ती किंचाळी आठवते? उत्तर देणारा मोडेम सुरुवातीला २१०० हर्ट्‌झचा एक लांब सूर लावतो. तो असतो टेलिफोन एक्स्चेंजसाठी: माणसांसाठी बसवलेली प्रतिध्वनी दाबायची यंत्रणा आता बंद करा, इथं यंत्रं बोलताहेत.

मग आले विनमोडेम. पेंटियम प्रोसेसर दमदार झाले, १९९७मध्ये त्यांना आवाज-चित्राचं गणित झटपट करणाऱ्या एमएमएक्स सूचनांची जोड मिळाली, आणि उत्पादकांनी हिशेब केला: एवढी ताकद कॉम्प्युटरात पडूनच आहे तर मोडेमवर महागड्या चिपा कशाला? कार्डावर फोनच्या तारेला भिडणारा भाग आणि आवाजाचे आकडे करणारा भाग तेवढा ठेवायचा. बाकीचं गणित ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये. विनमोडेम हे खरं तर यूएस रोबोटिक्सचं व्यापारी नाव, पण ते सगळ्या जातीलाच चिकटलं. मोटोरोला, ल्यूसेंट, कोनेक्सँट, पीसीटेल. गल्लीतल्या असेंब्लरकडून घेतलेल्या पीसीत यांपैकी एखादं कार्ड हमखास निघायचं. स्वयंपाकी म्हणून बोलावलेला माणूस भाजीची पिशवी पुढे करून उभा राहावा आणि यजमानानं कमरेला पदर खोचावा, असा हा प्रकार.

यजमान विंडोज असेल तर काही अडत नसे. ड्रायव्हर सीडीवर असायचा, तोच वर एटीची बोली बोलणारा खोटा मोडेम उभा करायचा आणि खाली आवाजाचं गणित सोडवायचा. पण लिनक्सनं त्या कार्डाला कितीही ‘लक्ष दे’ म्हटलं तरी उत्तर शून्य, कारण ऐकणारं आत कोणी नव्हतंच. जी सिस्टीम लिहिणारा रोज मोडेमनं विद्यापीठाला फोन लावायचा, तिच्याच वाट्याला हे यावं! आणि विंडोजवरही सगळं आलबेल नव्हतं. विंडोज ९८साठी लिहिलेला जुन्या धाटणीचा ड्रायव्हर विंडोज २०००वर चालत नसे. उत्पादकानं नवा दिला नाही तर कार्ड रद्दीत. बाहेरचा, वेगळा अडॅप्टर असलेला, सिरियल पोर्टला लागणारा जुना मोडेम मात्र दोन्हीकडे निवांत चालायचा. म्हणूनच लिनक्सवाल्यांचा त्या काळचा सल्ला एका ओळीचा होता: बाहेरचा घ्या, महाग पडला तरी.

लिनक्ससाठी कोणी ड्रायव्हर लिहिले नाहीत असं नाही. पण चिपांची माहिती गुप्त, गणिताच्या पद्धतींवर पेटंट, त्यामुळे कंपन्या दिलंच तर बंद पाकीट देत: आत काय आहे विचारू नका, चालवा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, दर काही महिन्यांनी बदलायचा आणि पाकीट नव्या गाभ्यात बसेनासं व्हायचं. शिवाय असं पाकीट उघडलं की गाभा स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे बाटलेला, असा शिक्का मारून घेतो. यावरून २००४मध्ये एक गंमत झाली. लिनक्सअँट ही कॅनडातली कंपनी कोनेक्सँटच्या मोडेमांसाठी ड्रायव्हर देई. फुकट प्रत १४.४ किलोबिटांवर अडवलेली, पूर्ण वेग हवा तर पैसे. तिच्या ड्रायव्हरमध्ये परवान्याच्या रकान्यात जीपीएल (लिनक्सचाही हाच मुक्त परवाना) लिहून पुढे एक शून्य अक्षर होतं आणि त्यानंतर ‘फक्त अमुक फोल्डरपुरता’ असा खुलासा. सी भाषेत शून्य अक्षर म्हणजे वाक्य संपलं. गाभा तेवढंच वाचायचा, मुक्त परवाना समजायचा आणि शिक्का मारायचा नाही. कंपनीचं म्हणणं असं की तीच ती सूचना पुन्हा पुन्हा दिसून गिऱ्हाइकं गोंधळतात, म्हणून हे केलं. लिनक्सवाले जाम भडकले. मला विचाराल तर कारण खरंही असेल, पण रस्ता चोरवाटेचाच.

डायलअप, म्हणजे फोन लावून नेट घेणं, गेलं, आणि पुढचा अंक मी स्वतःच्या लॅपटॉपवर पाहिला. २०११च्या मे महिन्यात गावी जाताना थ्रीजी डोंगल, म्हणजे मोबाइलच्या सिमवर चालणारा यूएसबी मोडेम, घेतलं. आतेभावाच्या विंडोजवर लावताच खिडकी उघडली, इन्स्टॉल, कनेक्ट, झालं. माझ्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका अवतारावर, लावलं तर मोडेम नाहीच. पडद्यावर एक सीडी आली. कस्टमर केअरला फोन केला.

“सर, तुमच्याकडे एक्सपी आहे का सेव्हन?”

“उबुंटू.”

“तो कोणत्या कंपनीचा लॅपटॉप आहे, सर?”

सीडीचं कोडं असं. यूएसबीवर लागलेलं प्रत्येक उपकरण आधी स्वतःची ओळख सांगतं. डोंगल पहिल्यांदा मुद्दाम खोटं सांगतं: मी सीडी ड्राइव्ह आहे. त्या नसलेल्या सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, म्हणजे वेगळी सीडी छापायला नको. ड्रायव्हर बसला की तो डोंगलला ठरलेला संदेश देतो, डोंगल क्षणभर मरतं आणि दुसरी ओळख घेऊन जिवंत होतं: मी मोडेम. लिनक्सला हा संदेश कोणी सांगितलेलाच नव्हता. बऱ्याच डोंगलांत तो संदेश म्हणजे ‘सीडी बाहेर काढ’ एवढाच साधा हुकूम असायचा. मी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, इजेक्ट असं टाइप केलं. जी सीडी कधी नव्हतीच ती बाहेर आली, डोंगलचा दिवा एकदा विझून लागला, आणि एका मोडेमच्या जागी तीन सिरियल पोर्ट दिसू लागले. डायल करायचा नंबर *९९#. हेच काम आपोआप करणारा यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रामही लिनक्ससाठी आहे.

मॅकवाल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यासाठी कंपन्या डोंगलबरोबर वेगळा प्रोग्राम देत, आणि पुढच्या एखाद्या मॅक अपडेटनं तो आडवा पडे. २०१९च्या कॅटलिना या मॅकच्या आवृत्तीनं तर ३२ बिटी प्रोग्राम सरसकट बंद केले. त्या काळातले जे उरले होते तेही गेले.

यातून सुटका दोन बाजूंनी झाली. २०११मध्ये मोबाइल ब्रॉडबँडसाठी एमबीआयएम नावाची सामाईक यूएसबी बोली ठरली. विंडोज ८नं ती अंगात घेतली, पाठोपाठ लिनक्सनंही. दुसरी बाजू जास्त सोपी: मोडेमनं मोडेम असणंच सोडलं. नंतरची कित्येक डोंगलं स्वतःला नेटवर्क कार्ड म्हणवतात. नंबर लावणं, पासवर्ड, सगळं आतल्या आत. कॉम्प्युटरला वाटतं आपण इथरनेटला जोडलोय. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचंही तेच. इथरनेट कोणत्याही सिस्टीमला येतं, आणि डब्याची सेटिंग्ज ब्राउझरमधून करायची, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्नच मिटला. अशा बऱ्याच डब्यांत आत लिनक्सच चालू असतं. तरी ‘लिनक्सला सपोर्ट नाही’ हे उत्तर फोनवर मिळू शकतंच.

जुनं दुखणं एका जागी अजून शिल्लक आहे. अँड्रॉइड फोन केबलनं मॅकला जोडून नेट घेऊन बघा. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, मॅक मात्र बहुतेक फोनांना ओळखच दाखवत नाही. कारण फोन जी बोली बोलतो ती आरएनडीआयएस, मायक्रोसॉफ्टची; लिनक्सनं ती शिकून घेतली, ॲपलनं नाही. अलीकडच्या काही फोनांत एनसीएम हा खुला मार्ग आला आहे, त्यांचं जमतं. तोवर वायफाय हॉटस्पॉट लावावा.

गावच्या त्या मे महिन्यात मात्र नेट लागूनही पान उघडेना. डोंगलचे तीन पोर्ट होते, त्यातल्या एकावर मजकूर वाहत होता, दुसरा रिकामा. हुकुमाला वेगळी तार मिळाली होती, आता तीन अधिक चिन्हांची गरज नव्हती. मी त्यावर टाइप केलं: एटी+सीएसक्यू. उत्तर आलं ९. हा आकडा सिग्नलचा, ० ते ३१. दुप्पट करून ११३ वजा करायचे. म्हणजे उणे ९५ डेसिबल-मिलिवॅट, अगदीच मरतुकडा. मग यूएसबीची लांब वायर जोडली, आतेभाऊ डोंगल हातात धरून घरभर फिरला आणि मी ओट्यावरून आकडे ओरडत राहिलो. देवघर ८. मागचं दार ११. माळ्यावर, कणगीशेजारी, कौलाच्या फटीपाशी: १७. डोंगल तिथंच सुतळीनं वाशाला बांधून टाकलं.