‘नुसतं खेळवतात’ म्हणे!

“बाई येतात, राजमा वेचायला लावतात आणि जातात. याला कसली थेरपी?” मुलाला जेवणं, कपडे घालणं, लिहिणं अशी रोजची कामं शिकवायला घरी येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबद्दल आमच्या सासूबाई हेच म्हणायच्या. खरी थेरपी सेंटरमध्ये, मशिनवर होते, हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे.

अंगठा आणि तर्जनीने एकेक दाणा उचलून वाटीत टाकायचा. शर्टाचं बटण, पेन्सिल, भाकरीचा तुकडा, सगळ्याला हीच पकड लागते. सेंटरमधल्या लाकडी ठोकळ्यांवर शिकलेलं मूल घरच्या ताटाशी अडतं, हे पालकांना चांगलंच ठाऊक असतं. घरी शिकलं की ती अडचण कमी होते.

दुसरं म्हणजे, आठवड्याचे तास 168. त्यातले थेरपिस्टचे दोन-तीन. बाकीचे आपलेच! म्हणून थेरपिस्ट बाई आईलाही शेजारी बसवून शिकवतात. आई स्वयंपाकघरात आणि बाई एकट्याच मुलापाशी, असं असेल तर अर्धी फी वाया.

सेंटर लागतच नाही असं नव्हे. झोपाळे, मोठी उपकरणं तिथेच असतात. जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. ही केंद्रं ज्या सरकारी योजनेत येतात, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे.

सासूबाई हल्ली राजमा स्वतःच काढून ठेवतात. दाणे मात्र मोजून, कारण एखादा तोंडात जायचा.